निःस्पृह विधिज्ञ मोतीलाल सेटलवाड

दुसऱ्याने विश्वासाने हाती सोपवलेला पैसा स्वतःच्या पैशापेक्षा अधिक जपून वापरावा, हा संस्कार आपल्याकडे फार जुना आहे. पेढीवर ठेवलेली एखाद्या विधवेची ठेव असो, देवस्थानची शिल्लक असो वा पांजरपोळाला मिळालेली देणगी असो, तिचा हिशेब विचारण्याचा समाजाला हक्क असतो आणि तो देणे हे विश्वस्ताचे कर्तव्य असते. स्वतंत्र भारतात हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर ठळकपणे उभा राहिला तो जानेवारी १९५८ मध्ये, मुंबई नगरीत. पैसा होता आयुर्विमा महामंडळाच्या लक्षावधी विमेदारांचा. हिशेब विचारला जात होता तो केंद्रीय अर्थमंत्र्यांना आणि त्यांच्या खात्याच्या सचिवांना. आणि विचारणारे होते सरकारचेच सर्वोच्च विधी अधिकारी, भारताचे महान्यायवादी अर्थात ॲटर्नी जनरल मोतीलाल चिमणलाल सेटलवाड.

ज्या सरकारने आपल्याला पदावर बसवले, त्याच सरकारच्या कारभाराची उलटतपासणी करण्याची वेळ आली तर वकिलाने काय करावे? आपले अशील कोण, सरकार की सत्य? सेटलवाडांच्या दीर्घ आयुष्यात हा प्रश्न अनेक रूपांनी समोर आला. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे.

घराण्याचा वारसा

मोतीलाल यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८४ रोजी अहमदाबाद येथे झाला. घराणे गुजरातचे असले तरी कर्मभूमी मुंबई. वडील सर चिमणलाल हरिलाल सेटलवाड हे मुंबईच्या वकीलवर्गातील अग्रगण्य नाव. नेमस्त विचारांचे राजकारणी आणि मुंबई विद्यापीठाचे अनेक वर्षे कुलगुरू म्हणून त्यांची ख्याती होती. इंग्रजी राज्याशी उघड वैर न धरता कायद्याच्या मार्गाने हक्क मिळवावेत, ही त्यांची धारणा.

परंतु नेमस्तपणा म्हणजे लाचारी नव्हे, हे चिमणलाल यांनी १९१९ साली दाखवून दिले. जालियनवाला बागेतील हत्याकांड आणि पंजाबातील लष्करी कायदा यांच्या चौकशीसाठी सरकारने लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यावर तीन हिंदी सभासद होते. पंडित जगत नारायण, सरदार साहेबजादा सुलतान अहमद खान आणि चिमणलाल सेटलवाड. नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोर येथे जनरल डायर साक्षीसाठी समोर आला. चिमणलाल यांनी त्याला आवाज न चढवता, एकामागून एक साधे प्रश्न विचारले. बागेचा रस्ता अरुंद नसता आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर त्यांवरील मशीनगन चालवल्या असत्या काय, हा त्यांतलाच एक. बहुधा चालवल्या असत्या, असे डायरने कबूल केले. त्या एका उत्तराने गोळीबारामागील हेतूच जगासमोर उघडा झाला.

हिंदी सभासदांचे इंग्रज सभासदांशी पटले नाही. तिघांनी आपला वेगळा अल्पमताचा अहवाल लिहिला आणि डायरच्या कृत्याचा अधिक कठोर निषेध केला. सरकारने नेमलेल्या समितीत बसूनही सरकारला न आवडणारे सत्य लिहिता येते, हा धडा मोतीलाल यांना असा घरातच मिळाला. त्या वेळी ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात आपले पाय रोवत होते.

मुंबईची वकिली

मुंबईच्या शासकीय विधी विद्यालयात कायद्याचे शिक्षण घेऊन मोतीलाल उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे ज्याला आपण ओरिजिनल साइड म्हणतो तेथे, वकिली करू लागले. या शाखेची रीत आजच्या पिढीला ठाऊक असण्याचे कारण नाही. तेथे पक्षकार थेट वकिलाकडे जात नसे. आधी सॉलिसिटरकडे जावे लागे. सॉलिसिटर कागदपत्रे गोळा करी, हिशेबवह्या तपासी, साक्षीदारांची जबानी उतरवून घेई आणि मग ब्रीफ तयार करून ती वकिलाकडे पाठवी. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे वकिलाचे काम. ही दुहेरी पद्धत मुंबईत १९७० च्या दशकापर्यंत टिकून होती.

या रीतीमुळे मूळ शाखेतील वकिलाला एक विशेष शिस्त लागे. मुंबई ही व्यापाराची नगरी. भागीदारीतील तंटे, हुंड्या, कापसाचे सौदे, विम्याचे दावे, कंपन्यांची दिवाळखोरी, विश्वस्तांनी केलेला अपहार अशी प्रकरणे येथे नित्याची. त्यांत भावनेला वाव कमी आणि कागदाला महत्त्व अधिक. कोणत्या तारखेला कोणते पत्र गेले, पैसे आधी दिले की मंजुरी आधी मिळाली, सभेच्या इतिवृत्तात काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, या बारीकसारीक गोष्टींवर निकाल ठरत असे. फसवणुकीच्या प्रकरणात खोटे बोलणारा माणूस सहसा मोठ्या गोष्टीत सापडत नाही. तो तारखांच्या क्रमात सापडतो. सेटलवाडांची ख्याती झाली ती या कामातील कसोशीमुळे. वक्तृत्वाचा फुलोरा त्यांच्याकडे नव्हता. मोजके शब्द, स्वच्छ मांडणी आणि प्रतिपक्षाविषयीही सौजन्य, ही त्यांची ओळख.

१९३७ साली ते मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले. प्रांतात त्या वर्षी लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले होते. पुढे महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षी सेटलवाडांनी ते पद सोडले. चळवळीत उडी घेणारा त्यांचा पिंड नव्हता. परंतु पद केव्हा सोडावे याचे भान असणे, हीही एक देशसेवाच होय.

रिकाम्या खुर्चीपुढील युक्तिवाद

१९४७ च्या जुलै महिन्यात त्यांच्यावर एक अत्यंत कठीण जबाबदारी आली. पंजाबच्या फाळणीची सीमारेषा ठरवण्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे काँग्रेसची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. मुस्लिम लीगच्या वतीने सर मुहम्मद जफरुल्ला खान उभे होते. लाहोरला दहा-अकरा दिवस सुनावणी चालली. लोकसंख्येचे आकडे, कालवे, देवस्थाने, व्यापाराची केंद्रे, सारे काही मांडले गेले. आयोगावर दोन मुस्लिम, एक हिंदू आणि एक शीख असे चार न्यायाधीश होते. आणि अध्यक्ष सर सिरिल रॅडक्लिफ? ते त्या सुनावणीला एक दिवसही हजर नव्हते. रोजच्या कामकाजाचे कागद तेवढे त्यांच्याकडे जात.

अपेक्षेप्रमाणे चार न्यायाधीशांत एकमत झाले नाही. रेषा आखली ती एकट्या रॅडक्लिफ यांनी, आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यानंतर. तोवर पंजाब पेटला होता. ज्याने निर्णय द्यायचा तो ऐकायलाच नसेल, तर उत्तमातल्या उत्तम वकिलाचा युक्तिवादही वाया जातो. चौकशी केवळ नियमांत बसून चालत नाही. ती लोकांना दिसावी लागते आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने स्वतः ऐकावी लागते. लाहोरच्या त्या उन्हाळ्याचा हा धडा अकरा वर्षांनी मुंबईत उलट अर्थाने उजळून निघणार होता.

१९४८ च्या प्रारंभी काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला, तेव्हा गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात सेटलवाडांचा समावेश होता. आणि जानेवारी १९५० मध्ये प्रजासत्ताक स्थापन होताच देशाचे पहिले महान्यायवादी म्हणून त्यांची नियुक्ती झाली. त्या पदावर ते १९६३ पर्यंत, तब्बल तेरा वर्षे राहिले.

पहिला महान्यायवादी

राज्यघटनेच्या ७६ व्या अनुच्छेदाने हे पद निर्माण केले. इंग्लंडमध्ये ॲटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचा राजकारणी असतो. सरकार गेले की तोही जातो. आपल्याकडे तो पक्षाचा माणूस असावा अशी अपेक्षा नाही. तो सरकारला कायद्याचा सल्ला देतो, न्यायालयात सरकारची बाजू मांडतो, परंतु मंत्रिमंडळाचा सभासद नसतो. घटनेत लिहिलेले चार शब्द प्रत्यक्षात कसे जगावेत, हे पहिल्या माणसाने ठरवायचे असते. सेटलवाडांनी ते ठरवले.

नव्या घटनेखालील पहिली मोठी प्रकरणे त्यांनीच लढवली. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा गोपालन खटला आणि जमीनदारी निर्मूलनाच्या घटनादुरुस्तीचा शंकरी प्रसाद खटला ही त्यांतील ठळक नावे. सरकारची बाजू ते कसोशीने मांडत; परंतु जे कायद्यात बसत नाही ते बसते असे भासवण्याचा प्रयत्न करीत नसत. म्हणूनच न्यायाधीशांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. १९५५ साली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला गेला, तेव्हा त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. १९५७ मध्ये राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. वय झाले होते बहात्तर. सामान्यतः माणूस या वयात वादापासून दूर राहतो. सेटलवाडांची खरी कसोटी मात्र पुढेच होती.

सव्वा कोटींचा व्यवहार

१९५६ साली सरकारने आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. खासगी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यामागील एक कारण असे होते की काही खासगी कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत वळवीत असत. तो पैसा आता सरकारच्या देखरेखीखाली सुरक्षित राहील, असे आश्वासन सामान्य माणसाला मिळाले.

अवघ्या वर्षभरात, जून १९५७ मध्ये, या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योजकाशी संबंधित सहा कंपन्यांचे समभाग खरेदी केले. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये. त्या काळच्या मानाने ती प्रचंडच होती. मुंदडा त्या वेळी पैशाच्या तंगीत होते आणि शेअर बाजारात त्यांची पत घसरली होती. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. परंतु खरेदीपूर्वी तिचा सल्ला घेतला गेला नाही. बोलणी झाली ती मुंबईत, आणि त्यांत अर्थखात्याचे प्रमुख सचिव हिरुभाई पटेल यांचा पुढाकार होता.

हे प्रकरण संसदेत आणले ते विरोधी पक्षाने नव्हे. सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरू यांचे जावई फिरोज गांधी यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत आकड्यांसह प्रश्नांची सरबत्ती केली. काही समभागांना बाजारभावापेक्षा अधिक किंमत का मोजली, कोणाच्या सांगण्यावरून मोजली, असे त्यांनी विचारले. सरकारची उत्तरे अपुरी पडली आणि अखेर जानेवारी १९५८ मध्ये चौकशी आयोग कायद्याखाली एकसदस्य आयोग नेमला गेला. सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम चगला.

आयोगापुढील महान्यायवादी

चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तेथे वादी-प्रतिवादी नसतात, आरोपी नसतो, शिक्षा नसते. आयोगापुढे साक्षीदाराने दिलेली जबानी पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. आयोगाने सत्य शोधून सरकारला अहवाल द्यायचा असतो. अशा ठिकाणी सरकारी वकिलाचे काम काय? सरकारच्या चुकांवर पांघरूण घालणे, हे एक उत्तर होते. सोयीचे होते आणि मानवी स्वभावाला धरूनही होते.

सेटलवाडांनी ते स्वीकारले नाही. ते आयोगाचे साहाय्यक म्हणून उभे राहिले. चगलांनी सुनावणी सार्वजनिक ठेवली होती. मुंबईकरांनी तिला एवढी गर्दी केली की जणू सारे शहरच हिशेब ऐकायला लोटले आहे, असे वाटावे. वर्तमानपत्रांत रोजच्या रोज साक्षी छापून येत होत्या. साक्षीला आले ते देशाच्या अर्थव्यवहाराचे सूत्रधार. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, सचिव हिरुभाई पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार, स्टेट बँकेचे अध्यक्ष, महामंडळाचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक आणि स्वतः मुंदडा.

येथे ओरिजिनल साइडवरील चार दशकांची शिस्त कामी आली. प्रश्न तारखांचे होते. मुंदडांचे पत्र केव्हा आले? भेट केव्हा झाली? किंमत कोणी ठरवली? गुंतवणूक समितीला केव्हा कळले? मंत्र्यांना केव्हा सांगितले? कलकत्त्याचा शेअर बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असा बचाव पुढे आला. परंतु बाजार सावरायचा असेल तर एकाच माणसाशी संबंधित समभाग, तेही त्याच्याशीच बोलणी करून का घ्यावेत, याचे समाधानकारक उत्तर मिळेना. सचिव म्हणत होते, मंत्र्यांना कल्पना दिली होती. मंत्री म्हणत होते, आपण मंजुरी दिली नव्हती. एकाच खात्याचे दोन सर्वोच्च अधिकारी, आणि दोघांच्या सांगण्यात मेळ नाही. सरकारचा महान्यायवादी त्या विसंगतीवर पडदा न टाकता ती आयोगापुढे उघड करीत होता.

चगलांनी चोवीस दिवसांत अहवाल सादर केला. हा व्यवहार व्यापारी तत्त्वांना धरून नव्हता, मुंदडांना साहाय्य करण्यासाठीच तो झाला, आणि खात्याच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांनाच स्वीकारावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंना त्यांच्याविषयी आदर होता, तरीही तो स्वीकारला गेला. मुंदडांना पुढे फसवणुकीच्या प्रकरणात तुरुंगवास भोगावा लागला.

आणि सेटलवाड? ते आणखी पाच वर्षे महान्यायवादीपदी राहिले. ज्या सरकारची त्यांनी जाहीर तपासणी केली, त्याच सरकारने त्यांना दूर केले नाही. याचे श्रेय जितके सेटलवाडांना, तितकेच त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या मोठेपणालाही दिले पाहिजे.

दुसरी बाजू

या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय चरित्र पूर्ण होत नाही. सार्वजनिक चौकशीत माणसाचे नाव रोज छापून येते, पण त्याला आरोपीचे हक्क नसतात. शिक्षा होत नाही, तरी डाग लागतो. हिरुभाई पटेल हे फाळणीच्या काळात देशाची मालमत्ता आणि देणी वाटण्याचे अवघड काम पार पाडणारे कर्तबगार सनदी अधिकारी. या प्रकरणानंतर ते सेवेतून बाहेर पडले, वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थेत त्यांनी स्वतःला वाहून घेतले आणि १९७७ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारीही १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि पुन्हा अर्थखाते सांभाळू लागले. समाजाने दोघांनाही कायमचे नाकारले नाही, हे बरेच झाले.

ज्याच्या प्रतिष्ठेला चौकशीमुळे धक्का पोहोचण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी मिळालीच पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद चौकशी आयोग कायद्यात १९७१ साली करण्यात आली. सत्याचा शोध आणि व्यक्तीला न्याय या दोन गोष्टी एकत्र नांदल्या पाहिजेत, हे कायद्याने उशिरा का होईना मान्य केले. सेटलवाडांच्या कार्यपद्धतीत मात्र हा समतोल पूर्वीपासून होता. समोरच्याला अपमानित न करता प्रश्न विचारणे, हा त्यांना वडिलांकडून मिळालेला वारसा होता.

हेगचा निकाल

याच सुमारास आणखी एक मोठे प्रकरण त्यांच्याकडे होते, आणि महाराष्ट्र व गोव्याच्या वाचकाला ते विशेष जिव्हाळ्याचे वाटेल. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त केली. त्यांत सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही होते. भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या भूमीतून तेथे जाऊ दिले नाही. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. भारताच्या बाजूने सेटलवाड उभे राहिले.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. परंतु सैन्य व सशस्त्र पोलीस नेण्याचा हक्क नाकारला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे ठरवले. मुंबईत स्वतःच्या सरकारची कठोर तपासणी करणारा वकील परदेशात त्याच सरकारची बाजू तितक्याच निष्ठेने मांडू शकला. यात विसंगती नाही. दोन्हीकडे निष्ठा एकच होती. कर्तव्याची जागा तेवढी वेगळी होती.

मित्राशी मतभेद

सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली न्यायव्यवस्थेच्या सुधारणेविषयीचा चौदावा अहवाल दिला. न्यायाधीशांच्या नेमणुकांत गुणवत्तेऐवजी प्रदेश, जात आणि सत्ताधाऱ्यांची मर्जी यांचा शिरकाव होत असल्याचे त्यात निर्भीडपणे नोंदवले होते. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे स्वीकारू नयेत, असाही आयोगाचा आग्रह होता. चगला हे त्या आयोगाचे सदस्य होते. मुंदडा चौकशीनंतर त्याच वर्षी चगला अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले.

ही गोष्ट सेटलवाडांना रुचली नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ती कडक शब्दांत नोंदवली. ज्या न्यायाधीशाबरोबर आपण आयुष्यातील सर्वांत गाजलेले काम केले, त्याच्याविषयीही तत्त्वाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मैत्री आड येऊ दिली नाही. वाचकाला हे कठोर वाटेल. चगलांनी पुढे शिक्षणमंत्री व परराष्ट्रमंत्री म्हणून देशाची मोठी सेवा केली, हेही खरे. परंतु स्वतः केलेली शिफारस स्वतःला लागू आहे की नाही, हा सेटलवाडांचा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

अखेरपर्यंत ताठ कणा

१९६३ मध्ये ते निवृत्त झाले आणि महान्यायवादीपद चंदर किशन दफ्तरी यांच्याकडे गेले. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याच्या निकालापाठोपाठ सरकारने न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून त्यांच्यानंतरच्या न्यायाधीशाला सरन्यायाधीश केले. न्यायालयाच्या स्वातंत्र्यावरील हा आघात आहे, असे जाहीरपणे सांगणाऱ्या विधिज्ञांत सेटलवाड होते. वय होते अठ्ठ्याऐंशी. त्या निषेधात त्यांच्यासोबत न्या. शाह, दफ्तरी, पालखीवाला, तारकुंडे होते, आणि चगलाही होते. मतभेद आपल्या जागी राहिले. न्यायाच्या प्रश्नावर दोघे पुन्हा एका बाजूला उभे राहिले.

१ ऑगस्ट १९७४ रोजी मोतीलाल सेटलवाड यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

पितापुत्रांच्या आयुष्यांतून तीन चौकशा आपल्यासमोर येतात. १९१९ मध्ये पित्याने परकीय सत्तेच्या समितीत बसून तिच्याच सेनापतीला प्रश्न विचारले. १९४७ मध्ये पुत्राने रिकाम्या खुर्चीपुढे युक्तिवाद केला आणि त्याचे फळ मिळाले नाही. १९५८ मध्ये त्याच पुत्राने स्वकीयांच्या राज्यात स्वकीयांनाच हिशेब विचारला, आणि या वेळी ऐकणारा न्यायाधीश समोर होता, ऐकणारी जनता दाराशी होती. या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड म्हणावी लागेल. परक्याला जाब विचारताना समाज पाठीशी असतो; आपल्या माणसाला जाब विचारताना माणूस एकटा असतो.

कोणतीही संस्था, मग ती देशाची असो की आपल्या गल्लीतील एखादा छोटा न्यास असो, तिच्या कारभाऱ्यांच्या भलेपणावरच उभी राहत नाही. वर्षातून एकदा वह्या उघडून, तारीखवार, न रागावता आणि न घाबरता प्रश्न विचारणारे एखादे आपलेच माणूस तेथे असावे लागते, आणि त्याचे प्रश्न ऐकून घेण्याचा मोठेपणा इतरांत असावा लागतो. सेटलवाडांनी ते काम साऱ्या देशासाठी केले. त्यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.